स्ट्रोकनंतर डावी बाजू लक्षातच येत नाही? व्हीआर हेडसेटवर घरी सराव कसा घ्यायचा

मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की बऱ्याच पेशंटचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते आणि उजवीकडची भाजी-आमटी संपते, दाढी एकाच गालाची होते, पेपर वाचताना सोलापूरचं नुसतं लापूर होतं, व्हीलचेअर दाराच्या डाव्या चौकटीवर जाऊन आपटते. याला स्पेशिअल नेग्लेक्ट म्हणतात, म्हणजे जागेच्या एका बाजूकडे लक्षच न जाणं. घरच्यांना वाटतं हट्टीपणा चाललाय, पण तसं अजिबात नसतं हो. १९७८ मध्ये इटलीतल्या मिलानच्या बिझियाक आणि लुझाती या संशोधकांनी अशा पेशंटना सांगितलं की आपल्या शहरातल्या कथेड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) चौक नुसता मनात आणा, तुम्ही कथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं ते सांगा, तर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले आता कथेड्रलच्या बाजूने चौकाकडे बघताय असं समजा, आणि मगाशी गाळलेल्या इमारती आता बरोबर आठवल्या! आठवण जागेवर होती, डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता, लक्ष तेवढं डावीकडे पोचत नव्हतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवणारी, आणि हल्ली घरोघरी एक प्रश्न येतो, मुलाने व्हीआर हेडसेट आणलाय (डोळ्यांवर लावला की चहूबाजूंनी गेमचं जग दिसतं तो), बाबांना लावू का? लावा, पण हेडसेट म्हणजे औषध नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. त्यात आपण डावीकडे शोधायची सवय लावतो आणि ती सवय त्याच दिवशी ताटापर्यंत, दारापर्यंत न्यायची असते, ते राहिलं तर गेममधला स्कोअर वाढतो आणि चटणी तिथेच राहते.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना आणि तुमच्या ओटीला विचारा. फिट येऊन गेली आहे का, पेसमेकर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्या स्ट्रोकनंतर सूज उतरावी म्हणून कवटीचं हाड काढून ठेवलंय का. हाड परत बसवलेलं नसेल तर हेडसेटचा पट्टा तिथे दाबतो, अशा पेशंटला लावायचाच नाही. दुसरं, हे नेग्लेक्ट आहे की दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेलीये हे तपासून घ्या. नजर गेलेल्या माणसाला बऱ्याचदा ते कळतं आणि तो आपणहून मान वळवतो, नेग्लेक्टवाल्याला काही राहिलंय हेच कळत नाही, आणि दोन्ही एकत्रही असू शकतं. ओटी एका कागदावरचे सगळे छोटे तारे खोडायला लावते किंवा रेषेचा मध्य काढायला सांगते, त्यातून बरंच कळतं.

बसवताना हात असलेली खुर्ची घ्या, चाकाची किंवा गोल फिरणारी नको, पाय जमिनीला टेकलेले, समोर टेबल आणि कमजोर डावा हात उशीवर. उभं राहून अजिबात नाही, या लोकांचा तोल तसाही जातो. हेडसेटमध्ये स्टेशनरी बाउंडरी (एका जागी बसून वापरायची सीमा) लावा आणि चित्र टीव्हीवर किंवा मोबाईलवर कास्ट करा, नाहीतर ते काय बघतायत ते तुम्हाला कळणारच नाही. पहिल्या वेळी गेम नको, पासथ्रू (हेडसेटच्या कॅमेऱ्यातून बाहेरचं दिसतं ते) चालू करून आपलीच खोली दाखवा, भीती जाते.

आता जी गोष्ट जवळपास सगळ्यांची सुटते ती. नेग्लेक्टच्या पेशंटची मान आणि डोळे आपोआप उजवीकडे वळलेले असतात, आणि तशा अवस्थेत तुम्ही व्ह्यू रीसेंटर केलात, म्हणजे गेमचं 'समोर' नव्याने ठरवलंत, तर गेमचं 'समोर' हेच उजवीकडे सरकतं, सगळे फुगे उजवीकडे येतात, पेशंट भराभर फोडतो आणि सगळे खूश, पण डावीकडचा सराव शून्य. म्हणून आधी त्यांची मान हलकेच छातीच्या मधोमध आणा आणि मगच रीसेंटर करा. मेटा क्वेस्ट हा हेडसेट असेल तर उजव्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून धरलं की होतं. मध्ये मध्ये परत तपासा, खुर्चीतही ते सरकतात.

गेम निवडताना तालावर धडाधड काहीतरी येणारे, चमकणारे गेम टाळा. स्थिर वस्तू शोधून बोट दाखवायचं, इतकं साधं हवं. आधी थोड्याच वस्तू, मधोमध आणि जराशा डावीकडे, मग हळूहळू आणखी डावीकडे. उजवीकडची गर्दी काढता येत असेल तर काढा, कारण दोन्हीकडे एकदम काही आलं की डावीकडचं विरून जातं, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. व्हीआरची खरी ताकद हीच आहे, खऱ्या खोलीतला उजवीकडचा पंखा, टीव्ही, माणसं तुम्ही पुसू शकत नाही, इथे पुसता येतात आणि नंतर एक एक करून परत आणता येतात. जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या तपासा, कारण कुणाचं हाताच्या अंतरावर ठीक असतं आणि पलीकडे गडबड, कुणाचं बरोबर उलटं.

"डावीकडे बघा, डावीकडे बघा" असं ओरडून फार काही होत नाही, कारण डावीकडे म्हणजे नेमकं कुठपर्यंत हेच त्यांना कळत नसतं. टोकाला खूण द्या. ॲपमध्ये सोय असेल तर डाव्या कडेला लाल उभी पट्टी ठेवा आणि म्हणा, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा, मग तिथून उजवीकडे शोधत या. सुरुवातीला पट्टी आणि डावीकडून आवाज दोन्ही, मग फक्त पट्टी, मग नुसतं तुमचं बोलणं, मग काहीच नाही. डाव्या हाताची बोटं थोडीशीही हलत असतील तर शोधताना ती डावीकडे हलवायला सांगा, त्याने लक्ष तिकडे खेचलं जातं. वहीत एकूण स्कोअर लिहू नका, डावीकडच्या किती सुटल्या तेवढंच लिहा.

वेळ सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, जमलं तर मध्ये विश्रांती देऊन वीस-तीसपर्यंत, सकाळी डोकं ताजं असताना. मळमळ, घाम, डोकेदुखी, डोळे मिटायला लागले की लगेच बंद. "थोडंच राहिलंय" म्हणून रेटू नका.

हेडसेट काढल्यावर लगेच खरं काम. ताटाच्या डाव्या कडेला गेममधल्या पट्टीसारखीच लाल टेप लावा आणि पट्टीपासून सुरुवात करायला सांगा, पेपरच्या डाव्या समासालाही टेप, दाराच्या चौकटीला टेप, आणि व्हीलचेअरच्या डाव्या ब्रेकला तर नक्कीच, तो लावायचा विसरून उठतात आणि पडतात. शब्दही गेममधलेच वापरा.

फायद्याबद्दल खरं सांगते. स्वीडनमध्ये उमेओ शहरातल्या टीमने रेहॅट नावाची थ्रीडी पद्धत जुन्या नेग्लेक्टच्या १५ पेशंटवर वापरली, ५ आठवडे, आणि सुधारणा दिसली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०२१ चा कॉक्रेन रिव्ह्यू (आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) तर म्हणतो की नेग्लेक्टच्या कुठल्याच थेरपीचा रोजच्या जगण्यात फायदा अजून पक्का सिद्ध नाही. म्हणून हेडसेट ओटीसोबत वापरा, ओटीऐवजी नाही, आणि महागड्या पॅकेजवर घर विकू नका. पेशंट म्हणेल मला काही झालेलंच नाही, तर वाद घालू नका, कास्टचं रेकॉर्डिंग शांतपणे दाखवा, कधी कधी स्वतःचं बघून पटतं, आणि नाही पटलं तर तो विषय त्या दिवशी सोडून द्या.

रस्ता ओलांडायचे व्हीआर गेम असतात, ते घेताना गाड्या कुठल्या बाजूने चालतात ते बघा. बऱ्याच देशांत गाड्या उजव्या बाजूने चालतात, तिथे पहिला धोका डावीकडून येतो. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते, ती यांना दिसते, म्हणून आत्मविश्वासाने निघतात, आणि रस्त्याच्या मध्यापुढे डावीकडून येणारी दिसत नाही. तेव्हा डाव्या बाजूने वाहतूक असलेला प्रोग्राम घ्या आणि मधोमध थांबून परत डावीकडे बघायचा सराव त्यातच करून घ्या. खऱ्या रस्त्यावर तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला चाला, आणि गाडीची किल्ली ओटी आणि डॉक्टर दोघंही हो म्हणेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा.