मिरगाच्या आधी छपराचं काम काढताय? या चुका टाळा

दरवर्षीचं ठरलेलं आहे. शिमगा होतो, आंबा सुरू होतो, मुंबईकर येऊन जातात, लग्नं उरकतात आणि मे संपत आला की घरात कोणाला तरी आठवतं, अरे छपराचं राहिलंच की! मग गडी मिळत नाहीत, कौलं मिळत नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात ताडपत्रीला गर्दी आणि मिरग आठ दिवसांवर. आमच्या दापोलीच्या बाजूला तरी हे असंच चालतं आणि २०२० पर्यंत मीपण त्यातलाच होतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या मागच्या पडवीला नवेकोरे कलरचे पत्रे होते, दोन वर्षं पण झाली नव्हती, ते सगळे उचलून शेजारच्या काकांच्या पोफळीत जाऊन पडले आणि माजघरावरची आजोबांच्या वेळची कौलं मात्र बऱ्यापैकी जागेवर. कौलांमधली गेली ती कडेची आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावर दोन उतारांचा सांधा झाकणारी कौलं. दोन दिवसांनी पोफळीतून पत्रे ओढून काढताना बघितलं तर स्क्रू सगळे शाबूत, पत्रा रिपेला, म्हणजे त्याच्याखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, घट्ट धरून होता. रिपच वाशापासून, म्हणजे आढ्यापासून भिंतीकडे उतरणाऱ्या लाकडापासून, सुटली होती, कारण सुताराने रिपा दोन इंची खिळ्यांनी ठोकलेल्या आणि मी पत्र्याचे स्क्रू मोजत बसलेलो. आपण पावसाची तयारी पिढ्यानपिढ्या करत आलोय पण वाऱ्याची करतच नाही, गळती थांबली की काम झालं असं धरून चालतो.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. वारा छपराला खाली दाबतो असं वाटतं, पण तो जास्त करून वर ओढतो, आणि ही ओढ सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ. पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर खालून पण वारा भरतो, छत्री उलटी होते ना तसं. म्हणून बघताना पत्रा, रिप, वासा, भिंत असं एकामागून एक बघायचं, पत्रा रिपेला कसा धरलाय, रिप वाशाला कशी धरलीय, वासा भिंतीला कसा धरलाय. यातलं जे कच्चं तिथूनच सुटणार. आम्ही आता रिपांना खिळ्यांऐवजी लांब स्क्रू मारलेत, वाशांना लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट, आणि कडेच्या ओळीला मधल्यापेक्षा जवळजवळ स्क्रू. स्लॅबवर जे लोक गळतीला कंटाळून पत्र्याची शेड मारतात त्यांनी तर हे आधी बघा, ती शेड उंचावर आणि चारी बाजूंनी उघडी असते.

स्क्रू आवळताना मशीन हातात आलं की आपल्याला जोर चढतो. स्क्रूखालचं रबराचं वायसर चेपून बाहेर आलं की समजायचं की जास्त झालं, ते उन्हात तडकणार आणि पहिल्या झडीला पाणी आत. वायसर जरासं दबलेलं दिसलं की थांबायचं. ड्रिलचा लोखंडी भुसा पत्र्यावर तसाच ठेवू नका, संध्याकाळी झाडूने काढा, नाहीतर आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो गंजतो आणि त्याच्यासोबत पत्र्याचा रंग पण जातो. जुना स्क्रू गंजला असेल तर त्याच्यावर एमसील थापून गप्प बसायचं नाही, तो काढून एक नंबर जाड नवीन मारायचा.

आता कौलं. इथे चूक अशी होते की फुटलेली मोजली, दुकानात गेलो, तेवढी आणली, आणि वर चढवताना कळतं की खाचा जुळतच नाहीत. मंगलोरी कौल म्हटलं तरी प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला, मग बघून बघून इतरांनी काढले, म्हणून कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, ते उगाच नसतं. जुन्या कौलाचा फोटो घेऊन जा किंवा सरळ एक कौल पिशवीत टाकून न्या. आणि गावात कोणी घर पाडून स्लॅब घालत असेल तर त्याची कौलं आधी बोलून ठेवा, ती फुकटसुद्धा मिळतात कधीकधी. कडेच्या आणि खालच्या दोन ओळींची कौलं तारेने रिपेला बांधायची, बऱ्याच कौलांना मागे त्यासाठी भोक असतं पण ते भोक कशासाठी हे निम्म्या लोकांना माहीतच नाही, मलाही नव्हतं.

कोन्यांवर सिमेंट थापायची हौस पण आवरा. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, जाड कडक सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही आणि तडकतं, मग त्या फटीतून पाणी आत जाऊन नेमकं आढ्यालाच मुरतं. पातळ थर आणि जरा कमजोर माल बरा. आढं आणि वाशांची टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. काजूच्या सालीचं तेल लाकडाला लावतात ते चांगलंच, पण हातमोजे घालूनच, ते अंगावर उडालं तर भाजल्यासारखे फोड येतात.

गळती शोधताना माणूस जमिनीवरच्या थेंबाच्या बरोब्बर वर बघतो आणि तिथलं चांगलं कौल बदलून मोकळा होतो. आमच्याकडे माजघरात देव्हाऱ्याशेजारी पाणी टपकायचं, दोन वर्षं तिथलीच कौलं बदलली. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "अरे, खाली पडतं तिथे कसलं शोधतोस, वरच्या अंगाला बघ." खरंच, वानरांनी आढ्याजवळचं एक कौल हलवलेलं, तिथून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर आणि वाशाच्या कडेने पाचेक फूट खाली येऊन गाठीपाशी टपकत होतं. भर दुपारी आतून दिवे बंद करून वर बघा, उजेडाचे टिपके दिसतात ते खडूने मार्क करा. नाही सापडलं तर बाहेरून पाइपने पाणी मारा, पण खालच्या ओळीपासून सुरुवात करून हळूहळू वर जा, वरूनच मारलं तर सगळीकडूनच गळतंय असं वाटतं.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरायची फॅशन आलीय. कागदाचं खालचं टोक भिंतीच्या बाहेर काढलं नसेल तर ते सगळं पाणी तो भिंतीच्या डोक्यावरच आणून सोडतो, आणि लाकडाला हवा लागत नाही ते वेगळंच.

छपराच्या दोन पाखी, म्हणजे दोन उतार, मिळतात त्या पन्हळीत आंब्याची पानं, बांबूचा पाला, वानरांनी टाकलेल्या कोयी, सगळं येऊन बसतं. एप्रिलमध्ये साफ केली म्हणून निवांत राहू नका, मेच्या वळवाने परत भरते, जूनच्या तोंडावर परत एकदा हात फिरवा. घरावर आलेल्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या पण त्याच दिवशी उतरवून घ्या.

स्लॅबवाल्यांसाठी थोडक्यात. वॉटरप्रूफिंगचा कोट ओल्या स्लॅबवर धरत नाही आणि मेअखेरीला अवकाळी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून हे काम एप्रिलचंच. आधी भेगा नीट उकरून भरा, मग कोट, नुसता भेगेवरून ब्रश फिरवला की पुढच्या वर्षी तीच भेग परत हजर. कोट पूर्ण वाळला की पाण्याच्या पाइपांची तोंडं बांधून एक दिवस पाणी भरून ठेवा, गळायचं असेल तर आत्ताच गळू दे.

वर चढायचं तर कौलाच्या मध्यावर पाय नको, रिप असेल त्या रेषेवर, आणि शिडी आडवी टाकून तिच्यावरून फिरलेलं सगळ्यात चांगलं. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याच्यावर फळी टाकल्याशिवाय अजिबात पाय ठेवू नका, तो न सांगता फुटतो. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून तो कापू किंवा कोरडा घासू पण नका. खांबावरून घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर छपराला टेकत असेल तर आधी लाइन बंद करायला लावा. एकट्याने चढायचं नाही, खाली शिडी धरायला माणूस पाहिजेच.

आणि एवढं करूनही जुलैच्या झडीत रात्री दोनला गळायला लागलंच तर वर चढू नका, शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही. आतूनच माळ्यावर जाऊन फुटलेलं कौल दोन बोटं वर उचलायचं आणि त्याच्याखाली पत्र्याचा तुकडा सारायचा, वरचं टोक वरच्या कौलाच्या पोटात आणि खालचं टोक खालच्या कौलाच्या पाठीवर येईल असा. आमच्याकडे तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून असे आठ-दहा तुकडे केलेत, माळ्याच्या शिडीपाशी खुंटीला दोरीने बांधून ठेवलेत, बाजूला टॉर्च.