शनिवारी नोड फ्लॅश करायला येण्याआधी

येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला फ्रीमाँटला (कॅलिफोर्निया) आमच्या गॅरेजमध्ये जमायचं ठरलंय. ज्यांनी एआरईडीएनसाठी (हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम लोकांच्या, जाळ्यासाठी) रेडिओ घेऊन ठेवलेत, त्यांनी ते घेऊन यायचं आणि त्यांच्यावर फर्मवेअर (डबा चालवणारी आतली प्रणाली) चढवूनच, म्हणजे ते फ्लॅश करूनच, परत जायचं. मागच्या खेपेला आपण सहा जण होतो आणि संध्याकाळपर्यंत दोघांचेच नोड (जाळ्यातले रेडिओ-डबे) उठले. बाकी चौघांचा दिवस लॅपटॉपच्या फायरवॉलने, नाव चुकलेल्या फाइलने आणि भलत्याच पोर्टात खोचलेल्या केबलने खाल्ला. रीसेटचं बटण दाबायच्या आधीच निम्मं-अधिक काम झालेलं किंवा बिघडलेलं असतं, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. म्हणून हे सगळं आधीच लिहून ठेवतोय. शुक्रवारी रात्री एकदा निवांत वाचा आणि एकेक गोष्ट हाताशी ठेवत जा.

हा खटाटोप कशासाठी, ते नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने इकडची वीज मुद्दाम बंद ठेवली होती, तेव्हा मरीन काउंटीतले निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर गप्प झाले होते. फोन हातात, पण बोलणार कोणाशी? एआरईडीएन म्हणजे हॅम लोकांनी उभं केलेलं, इंटरनेटवर न विसंबणारं जाळं. बाजारात मिळणाऱ्या साध्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) बेतलेलं फर्मवेअर घालायचं. मग एका टेकडीवरचा नोड दुसऱ्या टेकडीवरच्या नोडला आपण होऊन शोधतो आणि त्यावरून फोन, कॅमेरा, निरोप सगळं चालतं. बॅटरी आणि छोटं सोलर पॅनेल असलं की वीज नसतानाही. अशा वेळी वर छपरावर चढवलेला नोड अर्धवट फर्मवेअरमुळे बंद पडला, तर शिडी घेऊन कोण जाणार? म्हणून काम टेबलावरच नीट व्हायला हवं.

पहिली गोष्ट डब्याखालची चिकटपट्टी. पेटीवर छापलेलं नाव पुरत नाही, बोर्डाचा क्रमांक लागतो. आपल्यातल्या बहुतेकांकडे मायक्रोटिकचा हॅप एसी लाइट आहे. त्याचा क्रमांक ‘आरबी९५२’ने सुरू होतो. ६४ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण), आणि किंमत परवडणारी, म्हणून मीही नव्यांना तोच सुचवतो. ज्यांच्याकडे युबिक्विटीचे जुने नॅनोस्टेशन किंवा रॉकेट आहेत, त्यांनी आपला बोर्ड एक्सएम आहे की एक्सडब्ल्यू, ते शोधून ठेवा. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. टीपी-लिंकच्या सीपीई मालिकेतही पहिली, दुसरी, तिसरी अशा आवृत्त्या आहेत. पट्टीचा फोनवर फोटो काढून ठेवा, कारण एकदा डबा टेबलावर वायरींत अडकला की उलटा करून बघवत नाही.

फाइल घरूनच उतरवून आणा. इथे काम करताना तुमच्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद असणार, तेव्हा ‘आल्यावर डाउनलोड करू’ हा बेत चालणार नाही. हॅपसाठी दोन फाइली लागतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. एक कर्नलची (प्रणालीचा गाभा), जी फक्त रॅममध्ये चढते. दुसरी सिसअपग्रेडची, जी फ्लॅशवर कायमची बसते. कर्नलच्या फाइलचं नाव बदलून ‘आरबी डॉट ईएलएफ’ करायचं, सगळी अक्षरं लहान. इथे विंडोज लोकांना हमखास फसवतं. ते फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे तुम्हाला पडद्यावर बरोबर नाव दिसतं आणि खरं नाव असतं ‘आरबी डॉट ईएलएफ डॉट बिन’. सर्व्हर (लॅपटॉपवरून डब्याला फाइल देणारा प्रोग्रॅम) मग ‘अशी फाइल नाही’ म्हणत बसतो. फाइलची शेपटं दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा, मग नाव बदला. तीच फाइल दोनदा उतरवली असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात आकडा चिकटवतो, तोही पाहून घ्या. डाउनलोडच्या पानावर दिलेला एसएचए२५६चा आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, ते पडताळणारा) जुळवायला एक मिनिट लागतं. ते मिनिट द्याच.

आवृत्तीचा क्रमांक वाचायला सोपा आहे. ‘३.२४.१०’ म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरातली. रोज रात्री तयार होणाऱ्या चाचणी आवृत्त्याही मिळतात, पण शनिवारी त्या नकोत. सगळ्यांनी एकच स्थिर आवृत्ती आणा. निरोपाला नोडांमधून वाट शोधण्याचं काम पूर्वी ओएलएसआर करायचं, अलीकडच्या आवृत्त्या बॅबेलकडे वळल्यात. एक नोड फार जुना आणि दुसरा अगदी नवा असला तर शेजारी-शेजारी ठेवूनही ते एकमेकांना ओळखणार नाहीत, आणि आपण उगाच अँटेना तपासत बसू.

आता लॅपटॉप. ऑफिसचा आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यात व्हीपीएन असतं, फायरवॉल बंद करायची मुभा नसते आणि आयपी पत्ता बदलायलाही परवानगी लागते. घरातला जुना चालेल, पाच-सात वर्षांचा असला तरी चालेल, फक्त ॲडमिनचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक हवा. नव्या लॅपटॉपला इथरनेटचं भोक नसेल तर यूएसबीचा डोंगल आणा आणि तो घरी एकदा लावून बघा. विंडोजवाल्यांनी टायनी पीएक्सई सर्व्हर, लिनक्स आणि मॅकवाल्यांनी डीएनएसमास्क घालून ठेवावं; डब्याला फाइल देणारे सर्व्हर ते हेच. इथरनेटला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यायचा. टायनी पीएक्सईमध्ये बीओओटीपीच्या (चालू होताना डबा पत्ता आणि फाइल मागतो ती पद्धत) ओळीतल्या ‘आरएफसी९५१’ला खूण करायला विसरू नका. व्हर्च्युअलबॉक्स किंवा डॉकर घातलेलं असेल तर त्यांची खोटी नेटवर्क कार्डं तात्पुरती बंद करा, नाहीतर सर्व्हर त्यांच्यावरच कान लावून बसतो.

केबल साधी चालते, पण दोन आणा, कारण एक खराब असतेच. आणि ज्याच्याकडे साधा, डोकं नसलेला पाच पोर्टांचा स्विच आहे, त्याने तो नक्की आणावा. मागच्या वेळी दोन तास ज्यात गेले तो घोळ या एका स्विचने मिटला असता. लॅपटॉपची केबल थेट नोडला लावली की नोड बंद करताच लॅपटॉपला वाटतं केबल निघाली. नोड चालू होतो, लगेच ‘मला पत्ता द्या, फाइल द्या’ अशी हाक मारतो, आणि त्या वेळी विंडोज आपलं कार्ड पुन्हा जागं करत असतं. हाक विरून जाते. मध्ये स्विच असला की लॅपटॉपच्या बाजूचा दिवा कधी विझतच नाही आणि पहिलीच हाक ऐकू येते.

विजेबद्दल एकच ताकीद. नॅनोस्टेशनसारखे जुने डबे २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणारी वीज) चालतात. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर दिसायला तसाच असतो आणि त्याने डबा कायमचा जातो. ज्या डब्याचा जो अडॅप्टर, त्यावर आजच नावाची पट्टी चिकटवा. रॉकेटवाल्यांनी अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नये.

आता बटणाकडे येतो. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून सावकाश वाचा. हॅपचं रीसेट बटण बारीक आहे, बोटाने नीट दाबलं जात नाही. पेपर क्लिप उलगडून किंवा टूथपिक घेऊन या. लॅपटॉपकडून आलेली केबल स्विचमध्ये, आणि स्विचमधून हॅपच्या पहिल्या पोर्टात. पहिल्याच, दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. सर्व्हर चालू करून खिडकी समोर ठेवा. मग वीज काढा, बटण दाबून धरा आणि दाबलेलंच ठेवून वीज लावा. दिवा आधी लुकलुकायला लागेल. इथे सोडलंत तर नुसती सेटिंग पुसली जाते. धरून ठेवा. दिवा स्थिर होईल. इथेही सोडू नका. मग दिवा विझेल, आणि आता तो नेटवर्कवरून बूट होण्याची वाट बघतोय. बहुतेक जण लुकलुक दिसताच घाबरून हात काढतात. माझं सांगणं असं की दिव्याकडे बघूच नका, सर्व्हरच्या खिडकीकडे बघा. साधारण दहा सेकंदांत तिथे ओळी धावायला लागल्या की बटण सोडा. फाइल पाठवल्याची नोंद दिसली की पहिला टप्पा झाला.

झाला म्हणजे निम्माच झाला. आत्ता जे चालू आहे ते फक्त रॅममध्ये आहे. या क्षणी कोणाचा पाय वायरीत अडकला आणि वीज गेली, तर डबा मुकाट्याने मूळ राउटरओएसवर (मायक्रोटिकच्या स्वतःच्या प्रणालीवर) परत जातो आणि सगळं पहिल्यापासून. नुकसान काही नाही, पण वैताग येतो. म्हणून केबल पहिल्या पोर्टातून काढून दुसऱ्यात लावा, लॅपटॉपला पत्ता आपोआप घेऊ द्या, आणि दोन-तीन मिनिटं हात बांधून बसा. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका.

आणि इथे वाय-फाय बंद आहे ना, ते पुन्हा बघा. मागच्या वेळी आपल्यातला एक जण याच पत्त्यावर ‘पासवर्ड चुकीचा’ वाचत अर्धा तास बसला होता. पडद्यावर जे लॉगिनचं पान होतं ते घरच्या इंटरनेटच्या राउटरचं. कित्येक घरगुती राउटरांचा पत्ता हाच असतो आणि लॅपटॉप वाय-फायवरून त्यालाच जाऊन भेटत होता. नव्या नोडला वापरकर्ता ‘रूट’ आणि पासवर्ड ‘एचएसएमएम’ लागतो. आत गेल्यावर सिसअपग्रेडची फाइल चढवा. आता मात्र फ्लॅशवर लिहिलं जातंय. पडदा कितीही वेळ गोठलेला दिसला तरी दहा मिनिटं वीज काढायची नाही. जुनं पान दिसत राहिलं तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

युबिक्विटीवाल्यांनी घरूनच एअरओएसची (डब्यातल्या मूळ प्रणालीची) आवृत्ती पाहून यावं. ५.६ किंवा पुढची असेल तर ती नवं फर्मवेअर नाकारते, आधी ५.५ वर उतरावं लागतं. टीपी-लिंक सीपीईवाल्यांनी फाइलचं नाव ‘रिकव्हरी डॉट बिन’ करून लॅपटॉपला १९२.१६८.०.१०० हा पत्ता द्यायचा. तिसरा आकडा शून्य आहे, एक नाही.

नोडचं नाव आजच ठरवा. सुरुवातीला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं सांकेतिक नाव), मग आडवी रेघ, मग ठिकाण. परवान्याच्या नियमांप्रमाणे दर दहा मिनिटांनी आपली ओळख हवेत जायला हवी आणि हे नावच ती ओळख देतं. नवा पासवर्डही ठरवून वहीत लिहा. मेशच्या (नोडांच्या जाळ्याच्या) रेडिओवर कूटबद्ध संदेश चालत नाहीत, कारण इथल्या हॅम नियमांत अर्थ लपवायला बंदी आहे. तेव्हा तिथे वाय-फायसारखा पासवर्ड कुठे टाकायचा, ते शोधू नका. आपण वजा दोन क्रमांकाची वाहिनी वापरतो, म्हणजे २३९७ मेगाहर्ट्झ, नेहमीच्या वाय-फायच्या खालची आणि हॅमसाठीची. बँडविड्थ सगळ्यांनी १० मेगाहर्ट्झ ठेवायची. एकाची जरी वीस राहिली तरी तो नोड एकटा पडतो.

वहीचं एक पान प्रत्येक डब्यासाठी ठेवा: बोर्ड, आवृत्ती, वाय-फायचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक). मॅकच्या शेवटच्या तीन जोड्यांवरूनच नोडचा मेशवरचा पत्ता ठरतो. समजा शेवटी ३ए, ५सी, १० आहे, तर हे सोळाच्या पद्धतीतले आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीत बदलून पत्ता होईल १०.५८.९२.१६. हे आधी काढून ठेवलं की नोड उठला की नाही, ते पिंग करून (त्या पत्त्याला हाक मारून) लगेच कळतं. काही अडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहा. केबल, फाइल आणि पोर्ट तिन्ही एकदम बदलून नोड चालला, तर दुसऱ्याचा अडल्यावर त्याला काय सांगणार?

दिवाळीत पुण्या-नाशिकला जाताना एक डबा घेऊन जायचं काही जणांच्या मनात आहे. जरूर न्या, पण तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी तिथल्या परवान्यात फ्रिक्वेन्सीचे कोणते पट्टे येतात ते नीट पाहा. इथे चालणारी वाहिनी तिथे चालेलच असं गृहीत धरू नका.

आणि ज्यांचा डबा मागच्या वेळी ‘मेला’ म्हणून कपाटात गेलाय, त्यांनी तो टाकून देऊ नका, घेऊन या. मायक्रोटिकचा बूटलोडर (डबा सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) फर्मवेअरपासून वेगळा राहतो, त्यामुळे वरचं सगळं बिघडलं तरी तो सहसा शाबूत असतो. मी वायरशार्क (केबलवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ठेवतो. बटण धरून वीज दिली आणि पडद्यावर डब्याने पत्ता मागितल्याची एक ओळ उमटली, की तो जिवंत आहे. मग नेटइन्स्टॉलने (मायक्रोटिकचं प्रणाली पुन्हा घालायचं साधन) त्यावर मूळ राउटरओएस घालू आणि पहिल्या पोर्टापासून पुन्हा सुरुवात करू.