काळे-पांढरे लाकडी पब: या चुका टाळा

इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली. पुण्या-मुंबईहून हेरिटेज शिकायला आलेली मुलं साइटवर येतात आणि दर वेळी त्याच चुका करतात.

काळ्या पट्ट्या दिसल्या की 'ट्यूडर'

ट्यूडर म्हणजे इंग्लंडचा सोळाव्या शतकाच्या आसपासचा काळ, पण असे कितीतरी पब १९२०-३० च्या दशकांतले आहेत. बिअर कंपन्यांनी बांधलेले, बहुतेकदा विटांच्या भिंतीवर नुसत्या फळ्या ठोकून. त्यांना 'ब्रुअर्स ट्यूडर' म्हणतात. मी आधी खुंट्या शोधतो. खऱ्या सांगाड्यात ओकचं कुसू (तुळईचं तासून काढलेलं टोक) खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. सांगाडा आधी आडवा जुळवून बघत, मग सोडवून जागेवर उभा करत. म्हणून जोडापाशी सुतारानं कोरलेले रोमन आकडेही सापडतात. अर्थात नकली म्हणून नाकं मुरडू नका. बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्डमधला ब्लॅक हॉर्स याच जातीचा, आणि तो ग्रेड टू स्टार आहे, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत वरून दुसऱ्या श्रेणीत.

सिमेंट

इथे माझं डोकं फिरतं. खांबांमधली मूळ भरण म्हणजे आपला कूडच: काटक्यांची जाळी, वर माती, शेण, गवत आणि चुन्याचा हात. ओल आली तरी ती वाळते. श्रॉपशरमधल्या एका पबच्या मालकानं घाईघाईत हे सगळं काढून सिमेंट भरून घेतलं, वर प्लास्टिक पेंट. आठेक वर्षांनी मला बोलावलं ते बारमागे बुरशीचा वास येतो म्हणून. बाहेरून भिंत चकाचक. तळाच्या तुळईला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. ओक आकसतो-फुगतो, सिमेंट हलत नाही. मधल्या फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथेच बसतं. शेकडो वर्षं टिकलेलं लाकूड आठ वर्षांत भिजलेल्या केकसारखं झालं होतं. कुजलेला तेवढाच भाग कापून नवा ओक सांधला आणि पुन्हा चुना लावला. चुना सुकायला वेळ लागतो म्हणून मालक रोज कुरकुरायचा. "लवकर होणारं काही नाही का?" होतं की, तेच तर खरवडून काढत होतो.

तेव्हापासून माझी सवय: पहिली भेट पावसात. छत्री घेऊन तासभर पाणी कुठून उतरतं ते बघायचं. वही नंतर.

काळा रंग 'मूळ' समजणं

ही बरीचशी व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली हौस. त्याआधी ओक बहुधा तसाच सोडत, तो रुपेरी करडा होई. नाहीतर लाकडासकट भिंतीवर चुना फिरवत.

वाकडं दिसलं की सरळ करणं

ओला ओक वापरत, तो वाळताना वळणारच. जॅक लावू नका.

लाकडाच्या चिरा मॅस्टिकनं (फटी बुजवायच्या लवचिक लेपानं) बुजवणं

नको. पाणी आत कोंडतं.

'पहिल्यापासून पबच होता'

मँचेस्टरचा ओल्ड वेलिंग्टन १५५२ चा, पण दारूचा परवाना १८३० चा. १९९६ च्या बॉम्बस्फोटानंतर शहराची नवी आखणी झाली तेव्हा तो सोडवून सुमारे ३०० मीटरवर पुन्हा उभारला, १९९९ मध्ये. खुंट्यांचा सांगाडा असल्यानं हे जमलं. सिमेंटची भिंत सोडवून दाखवा बरं!

'आतलं काम आहे, परवानगी कशाला?'

लिस्टिंग, म्हणजे त्या संरक्षित यादीतलं नाव, आतल्या भागालाही लागू असतं, आणि संमतीशिवाय लिस्टेड इमारतीचं रूप बदलणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. "मालकानं सांगितलं म्हणून केलं" हे तिथे चालत नाही.