शाळेची परसबाग: या चुका टाळा

शाळेच्या वाफ्यात कच्चं शेणखत घालू नका. गेली पंधरा वर्षं मी दर जूनमध्ये हे सांगतो आहे. तरी ऑगस्ट उजाडला की कुठल्या तरी शाळेतून फोन येतोच: सर, रोपं पिवळी पडलीत, उपटली तर खाली मुळंच नाहीत.

माझा सगळ्यात वाईट अनुभव माझ्याच शाळेतला, परसबागेच्या पहिल्या वर्षीचा. एका पालकांनी मोठ्या मनाने गोठ्यातलं ट्रॉलीभर शेण आणून टाकलं. शाळा सुरू होऊन आठवडा झालेला, पाऊस लागलेला, सगळ्यांनाच घाई. तीन वाफ्यांत ते शेण मिसळलं आणि चौथ्या दिवशी मेथी, गवार आणि मिरचीची रोपं लावून मोकळे झालो. मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडून तिथेच थांबली. ऑगस्टमध्ये जमीन ओली असताना मिरची दुपारी माना टाकायला लागली. मातीत ओल असून रोप सुकतं, तेव्हा दुखणं मुळाशी असतं. सातवीतल्या एका मुलीने खुरप्याने रोप उकरलं, तर खाली अर्धचंद्रासारखी वळलेली, पांढरट अंगाची आणि तांबूस डोक्याची जाड अळी. हुमणी! त्या दुपारी मुलांनी तीन वाफ्यांतून 41 अळ्या वेचल्या. मिरचीचं एकही रोप वाचलं नाही. ज्या मुलांनी महिनाभर पाणी घातलं होतं, ती काही न बोलता वर्गात गेली. ते मला अजून आठवतं.

कच्च्या शेणातून हुमणीची अंडी आणि अळ्या वाफ्यात येतात. तणाचं बी जिवंत राहतं. शेण कुजताना उष्णता सुटते, आणि त्यातला काडीकचरा कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढतात. आमची मेथी पिवळी पडली ती यामुळे. त्यावर कोणीतरी चिमूटभर युरिया मारायला सांगेल. मारू नका. चूक पोटात ठेवून पान तेवढं हिरवं करायचं, ही सवय मुलांना शाळेत लागायला नको.

मी स्वतः जानेवारीतच खड्डा भरतो. शेण, पालापाचोळा आणि थोडी माती यांचे थर, अधूनमधून पाणी, महिन्यातून एकदा उलथापालथ. जूनमध्ये फुटक्या मडक्यात ते खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन मुलांकडून मुळ्याचे 10 दाणे पेरून घेतो. आठवड्यात 8 तरी हिरवेगार उभे राहिले तर खत वाफ्यात जातं. नाहीतर खड्डा आणखी महिनाभर झाकून ठेवायचा. मुख्याध्यापक कितीही मागे लागले तरी मी यात सूट देत नाही. कच्चं खत आधीच पडलं असेल, तर पेरणी तीन-चार आठवडे पुढे ढकला, माती दर आठवड्याला खालीवर करा आणि दिसतील त्या अळ्या वेचा. वर आलेल्या अळ्या साळुंक्याही टिपतात.

दुसरी चूक दिनदर्शिकेची. कृषी विभागाच्या पुस्तिकेतला हंगाम शेतकऱ्याचा असतो. शाळेचा हंगाम सुट्ट्यांनी ठरतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्यानंतर. मग दिवाळीची सुट्टी, मग मे. जुलैअखेर टोमॅटोची रोपं लावणाऱ्यांना मी विचारतो, फळ कधी येणार? लागवडीनंतर 60 ते 70 दिवस धरा, म्हणजे तोडा सुरू होईपर्यंत सहामाही परीक्षा लागते, आणि ऐन भरात दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर मुलं येतात तेव्हा फळं सडलेली किंवा शेळ्यांनी खाल्लेली. पेरलेलं हाती लागत नाही, हे एकदा शिकलेलं मूल पुढच्या वर्षी वाफ्याकडे फिरकत नाही.

म्हणून मी उलटा हिशोब करतो. आधी सुट्टीची तारीख लिहायची, तिथून मागे दिवस मोजायचे. मेथी आणि माठ 25 ते 30 दिवसांत काढणीला येतात. मुळ्याला 40 ते 45 दिवस लागतात. भेंडीचा पहिला तोडा साधारण 45 ते 50 दिवसांनी, गवारीला त्याहून थोडे जास्त. जूनअखेर पेरलेली भेंडी ऑगस्टच्या मध्यावर तोडायला येते आणि दिवाळीपर्यंत चालते. मात्र भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. रविवारला जोडून सण आला की ती निबर होते, म्हणून तिची एकच ओळ ठेवा. दिवाळीनंतर शाळा उघडेल त्याच आठवड्यात पालक, कोथिंबीर, मुळा आणि गाजर पेरा, मार्चपर्यंत सगळं आटोपतं. मे महिन्यासाठी शेवगा, कढीपत्ता आणि हादगा. त्यांच्या बुंध्याशी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि ते भरायची जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना द्यायची, सुट्टी लागायच्या आधी, नावानिशी.

आता एक चूक, जी पाहिली की मला खरोखर राग येतो: शिक्षा म्हणून बागकाम. उशीर झाला, जा गवत काढ. गृहपाठ नाही, जा पाणी घाल. त्या मुलाला माती म्हणजे अपमान असं आपण शिकवत असतो, आणि तेही बहुतेक शेतकऱ्याच्याच लेकराला. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची, हा तिचा गाभा. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या कार्यक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन अशी कामं करतात. वेळापत्रकातच दिवस असतो, म्हणून ते काम अभ्यास ठरतं. माझ्या शाळेत बागेची पाळी हजेरी क्रमांकाने येते, हुशार मुलालाही आणि सरपंचांच्या मुलालाही. शिक्षा म्हणून कोणालाही बागेत पाठवायचं नाही, हे मी शिक्षकांच्या बैठकीत लिहून घेतलं आहे.

पाणी. रोज पाळी आहे म्हणून रोज पाणी, असं करू नका. काळ्या जमिनीत कोवळी रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात आणि मुलं म्हणतात, पाणी कमी पडलं असेल. मग आणखी पाणी. माझ्या मुलांना मी बोट दोन पेरं मातीत खुपसायला सांगतो. बोटाला चिखल लागला तर पाणी नाही. माती ओलसर लागली पण चिकटली नाही, तर वाफसा आहे, आजही पाणी नाही. कोरडी लागली तरच झारी उचलायची. पहिलीतल्या मुलालाही हे जमतं. काय तपासलं आणि काय केलं, हे वहीत लिहिलं की पाळी पूर्ण झाली.

परसबाग स्पर्धेच्या तोंडावर रोपवाटिकेतून फळं लगडलेली रोपं आणून वाफ्यात खोचू नका. पाहणीची समिती निघून जाते आणि चार दिवसांत रोपं कोमेजतात. मुलांना सगळं कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुन्या पाकिटातलं बी थेट पेरू नका, ओल्या गोणपाटात 20 दाणे गुंडाळून किती दाण्यांना मोड येतात ते आधी पाहा. धणे रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नका. बी फार खोल जातं, त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती पुरे. उंच पिकं उत्तरेला लावा, म्हणजे इतरांवर सावली पडत नाही. कुंपण आधी, पेरणी नंतर. पहिल्या वर्षी चारपेक्षा जास्त पिकं घेऊ नका. आणि कोणाच्याही घरचा औषधाचा पंप शाळेच्या आवारात येऊ देऊ नका, ती भाजी त्याच दुपारी मुलांच्या ताटात जायची असते. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर 500 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, 10 लिटर पाणी करा, किंचित साबण घाला आणि संध्याकाळी फवारा.

खर्चाच्या यादीत पहिली वस्तू वजनकाटा लिहा. आमच्याकडे स्वयंपाकाच्या ताई भाजी मुलांनी तोलून वहीत उतरवल्याशिवाय आत घेत नाहीत. एका वर्षी तीन वाफ्यांची मिळून मेथी 2 किलो 300 ग्रॅम भरली होती. तो आकडा पाचवीच्या मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, आणि दिवाळीपर्यंत कोणी पुसला नाही.