पिकत्या पानाचा अभ्यास सुरू करताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पानांचे पिकणे हा विषय मी निवडला, तेव्हा पान मरू लागले की त्याचा हिरवा रंग आपोआप उडतो, अशी माझी समजूत होती. या विषयात नव्याने येणाऱ्यांनी ती आधी सोडावी. पिकणारे पान जिवंत असते आणि आपले हरितद्रव्य ते स्वतःच क्रमाने मोडते: रेणूच्या मध्यावरचे मॅग्नेशियम निघते, फायटॉलची लांब शेपटी तुटते, मग रेणूचे गोल कडे उघडते आणि उरलेले रंगहीन अवशेष रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत, साठवले जातात. सुटे हरितद्रव्य उजेडात पेशीला घातक ठरते, म्हणून इतकी खबरदारी. तेवढ्या अवधीत हरितलवकांतल्या प्रथिनांमधला नायट्रोजन झाड परत ओढून घेते. मॅग्नेशियम काढणारे विकरच (एन्झाइम) बिघडले, तर हिरवा रंग टिकून राहतो. मेंडेलच्या हिरव्या वाटाण्यामागचे जनुक २००७ साली सापडले आणि ते हेच विकर घडवते, हे २०१६ साली उलगडले.

मोजणीसाठी आर्नन यांची १९४९ची पद्धत पुरेशी आहे. पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये घोटून अर्काचे शोषण ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला मोजायचे. माझी चूक इथेच झाली. आमच्या वसाहतीतल्या चिंचेचा अर्क खलातच शेवाळी-तपकिरी होई आणि तो पिकण्याचाच परिणाम समजून मी तीन आठवडे नोंदी करत राहिले. अगदी कोवळ्या पानांचा अर्कही तसाच उतरला, तेव्हा कळले की चिंचेतले आम्ल खलातच मॅग्नेशियम काढून टाकत होते. घोटताना चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाकल्यावर अर्क हिरवा राहिला, पण आधीच्या साऱ्या नोंदी मला रद्द कराव्या लागल्या.

हरितद्रव्य वजनाच्या नव्हे, क्षेत्रफळाच्या हिशेबाने मांडावे, कारण पिकताना पानातले पाणीही बदलते. अर्क अंधारात, थंड आणि घट्ट बुचाच्या नळीत ठेवावा. मुंबईच्या उकाड्यात ॲसिटोन फार लवकर उडते.

झाड निवडताना मी पिंपळाला पहिली पसंती देईन. देशी बदामाची पाने मोहक लाल होतात, पण तो रंग पिकताना नव्याने तयार होतो. पिंपळाचा पिवळा मात्र पानात आधीपासूनच असतो आणि हिरवा ओसरला की उघडा पडतो. थंडी सरताना एकाच फांदीवरच्या पानांना दोऱ्याने खूण करून रोज सकाळी पाहावे. कडा पिवळ्या झाल्या तरी शिरांच्या लगतची हिरवी पट्टी बराच काळ टिकते, कारण परत जाणाऱ्या अन्नद्रव्यांची वाट तिथूनच असते.