मोटारसायकलच्या टायरमध्ये पंक्चर सीलंट कसे वापरावे

आषाढातल्या एका संध्याकाळी माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे येताना वळणावर माझ्या मोटारसायकलचा मागचा भाग किंचित हलल्यासारखा वाटला. गाडी कडेला घेऊन मेन स्टँडवर लावली आणि चाक हाताने हळूहळू फिरवले, तेव्हा टायरच्या नक्षीच्या खाचेत एका स्क्रूचे डोके दिसले. त्याच्या कडेने हिरव्या द्रवाचा, बारीक तंतू मिसळलेला एक थेंब बुडबुडे काढत बाहेर येत होता. पक्कडीने स्क्रू उपटला, हवेचा जोराचा आवाज झाला, आणि भोक खाली येईल असे चाक फिरवल्यावर तो आवाज चार-पाच सेकंदांत बारीक होत होत थांबला. सोबतच्या पंपाने हवा भरून मी सावकाश पौडपर्यंत आलो आणि तिथे पंक्चर काढून घेतले. सीलंटकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच. अंधारात, पावसात, जिथे दुकान नाही अशा ठिकाणी अडकू न देता ते आपल्याला पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचवते. पंक्चर काढण्याचे काम ते करत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचे चांगले टायर वाया जातात आणि काहींच्या जिवावर बेतते, म्हणून हे थोडे तपशिलाने लिहीत आहे.

सीलंट काम कसे करते

दुकानात ‘अँटी-पंक्चर लिक्विड’ किंवा नुसते ‘जेल’ म्हणून मिळणारा हा पदार्थ बहुतेक वेळा ग्लायकोलचा घट्टसर द्रव असतो आणि त्यात बारीक तंतू व रबराचे कण मिसळलेले असतात. चाक फिरू लागले की हा द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि टायरच्या आतल्या पृष्ठभागावर, म्हणजे नक्षीच्या बरोबर मागे, त्याचा थर बसतो. खिळा निघाल्यावर आतली हवा भोकातून बाहेर पडू पाहते, त्या हवेबरोबर द्रव भोकात ओढला जातो, तंतू एकमेकांत अडकतात आणि कणांसह त्यांचा बुच तयार होतो. याचा अर्थ असा की आतल्या हवेच्या दाबावाचून सीलंट काहीच करू शकत नाही, आणि ज्या भागावर थर बसतच नाही तिथे त्याचा उपयोग नाही. टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते; तिथे पडलेल्या भोकात बुच टिकत नाही आणि असा टायर कोणत्याही उपायाने रस्त्यावर ठेवू नये, तो बदलावाच. लांब चीर, काचेने झालेला काप किंवा दगडावर आपटून वाकलेली रिंग यांवरही सीलंट चालत नाही.

सीलंटचा दुसरा प्रकार लॅटेक्सचा असतो. तो भोक लवकर बंद करतो, पण काही महिन्यांत टायरच्या आतच सुकतो आणि त्याच्या गोळ्या होतात. त्यातला अमोनियाचा अंश अलॉयच्या रिंगला चांगला नसतो. रोजच्या वापराच्या गाडीसाठी ग्लायकोलचे, गंजरोधक असल्याचे आणि पाण्याने धुता येत असल्याचे बाटलीवर लिहिलेले सीलंटच घ्यावे, असे माझे मत आहे.

आधी टायर तपासावा

प्रथम टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचावीत. ‘ट्यूबलेस’ असे लिहिलेले असेल आणि आत खरोखरच ट्यूब नसेल, तर सीलंट उत्तम चालते. ‘ट्यूब टाइप’ असेल किंवा स्पोकच्या चाकात ट्यूब असेल, तर अपेक्षा बरीच कमी ठेवावी. ट्यूबचे रबर पातळ आणि ताणलेले असते, त्यामुळे खिळ्याने पडलेले भोक फाटत जाते. शिवाय खिळा टायरमध्ये अडकून राहतो आणि चालत्या गाडीत ट्यूबला दोन-चार ठिकाणी टोचतो. सुटलेली हवा टायर आणि ट्यूब यांच्या मधून, स्पोकच्या भोकांतून पसार होते. तरीही ट्यूबच्या बाबतीत सीलंट अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. सोलापूर किंवा मराठवाड्याकडे शेतरस्त्यांवर बाभळीचे काटे टायरमध्ये शिरतात, आणि तेवढ्या बारीक भोकासाठी ट्यूबमधले सीलंट चांगले काम देते. ही कल्पना जुनीच आहे: होंडाच्या पूर्वीच्या ॲक्टिव्हा स्कूटरला येणाऱ्या ‘टफ-अप’ ट्यूबमध्ये असा द्रव कारखान्यातूनच भरलेला असे.

त्यानंतर टायरचे वय आणि झीज पाहावी. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘३२२१’ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात, आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर टायर संपला असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. गोटा झालेल्या टायरला वारंवार पंक्चर होते, म्हणून नेमक्या त्याच वेळी लोकांना सीलंट आठवते. पण पातळ झालेल्या रबरात बुच धरून ठेवायला जाडीच उरलेली नसते. असे पैसे खर्च करण्यापेक्षा ते नव्या टायरकडे वळवावेत. टायरमध्ये आधीपासून खिळा रुतलेला असेल, तर तोही सीलंट घालण्यापूर्वी काढून पंक्चर व्यवस्थित दुरुस्त करून घ्यावे. गाडीला टायरमधला दाब दाखवणारा सेन्सर असेल, तर ते सीलंट सेन्सरला चालते का हे बाटलीवर पाहावे.

सीलंट घालण्याची कृती

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी. याला एक महत्त्वाचे कारण आहे. ट्यूबलेस टायरची हवा पूर्ण काढल्यावर त्याच्यावर गाडीचा भार राहिला, तर टायरची कड रिंगवरून सुटते, आणि एकदा ती सुटली की हातपंपाने पुन्हा बसत नाही. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा लागते. पुढच्या चाकाचे काम करताना मागे कोणाला तरी दाबून धरायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक जमिनीवरून सुटते. मेन स्टँड नसलेल्या गाड्यांसाठी पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, वापरावा. तो जवळ नसेल तर हे काम टायरच्या दुकानातच करून घेणे बरे.

चाक फिरवून व्हॉल्व वरच्या अर्ध्या भागात आणावा, घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर दहा किंवा दोनच्या जागी. व्हॉल्व तळाशी असेल तर भरलेले सीलंट तिथेच साचून परत बाहेर येते. टोपी काढून पिनचे टोक दाबावे आणि हवा आवाज थांबेपर्यंत सोडावी. मगच पिन काढण्याच्या लहान हत्याराने व्हॉल्वची पिन उलटी फिरवून काढावी. हे हत्यार पुष्कळदा सीलंटच्या बाटलीसोबतच येते. हवेचा दाब असताना पिन मोकळी केली तर ती गोळीसारखी उडते आणि रस्त्यावरच्या मातीत शोधत बसावे लागते, म्हणून उरलेली हवा संपेपर्यंत पिनवर अंगठा ठेवावा. निघालेली पिन स्वच्छ फडक्यावर ठेवावी, कारण तिच्या रबराला वाळूचा एक कण चिकटला तरी पुढे हवा हळूहळू कमी होत राहते.

आता बाटली निदान अर्धा मिनिट जोराने हलवावी. तंतू आणि कण तळाशी बसलेले असतात, आणि न हलवता भरले तर टायरमध्ये नुसता पातळ द्रव जातो. बाटलीची नळी व्हॉल्ववर घट्ट बसवून सावकाश दाबत ठरलेले प्रमाण आत सोडावे. प्रमाण टायरच्या मापावर ठरते: ९०/१००-१० अशा स्कूटरच्या टायरला साधारण २०० मिलिलिटर पुरते, १००/९०-१७ सारख्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला ३०० मिलिलिटरच्या आसपास लागते, आणि त्याहून रुंद टायरला अधिक, प्रत्येक कंपनीचा द्रव वेगळा असल्यामुळे बाटलीवरचा तक्ता अंतिम मानावा. कमी घातले तर थर अपुरा पडतो. जास्त घातले तर जादा द्रव आत हेलकावे खातो आणि चाकाचा तोल बिघडतो. रस्त्यालगतच्या एका दुकानात माझ्या पुढच्या टायरमध्ये न मोजता जवळजवळ पूर्ण बाटली ओतली गेली होती, आणि ताशी ६० किलोमीटरच्या पुढे हँडल थरथरू लागल्यावर टायर उतरवून ते सगळे धुवावे लागले. त्यानंतर मी हे काम स्वतःच करतो, किंवा समोर उभे राहून बाटलीवरच्या खुणा पाहत करून घेतो.

भरून झाल्यावर व्हॉल्वचे तोंड फडक्याने पुसावे, पिन बोटाच्या ताकदीइतकी घट्ट बसवावी आणि हवा भरावी. दाब किती ठेवायचा हे चेन कव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. व्हॉल्ववर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवून बुडबुडा येत नाही ना हे पाहावे आणि लगेच आठ-दहा किलोमीटर मध्यम वेगाने गाडी चालवावी. ही फेरी चुकवू नये, कारण गाडी तशीच उभी राहिली तर सगळा द्रव तळाशी साचतो आणि थर तयारच होत नाही.

पंक्चर झाल्यावर

गाडी डोलू लागली, जड वाटली किंवा हँडल एका बाजूला ओढू लागले, तर ब्रेक जोराने न दाबता वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी वाहतुकीपासून दूर न्यावी. टायर सपाट झाला असेल तर त्यावर पुढे जाऊ नये. रिंग आणि रस्ता यांच्यात चिरडून टायरची भिंत आतून खराब होते आणि ते बाहेरून दिसत नाही.

खिळा सापडला आणि हवा टिकून असेल, शिवाय दुकान दोन-चार किलोमीटरवर असेल, तर तो तसाच ठेवून सावकाश जावे. खिळा हाच त्या वेळी उत्तम बुच असतो. दुकान लांब असेल किंवा हवा कमी होत असेल, तर तो ज्या दिशेने शिरला आहे त्याच दिशेने सरळ ओढून काढावा, भोक तळाशी आणावे, गळती थांबली की हवा भरावी आणि एक-दोन किलोमीटरनंतर पुन्हा तपासावी. हवा टिकली तरी वेग माफकच ठेवावा आणि द्रुतगती वाटेचा मोह टाळावा. तीन-चार प्रयत्नांनंतरही बुडबुडे थांबत नसतील, तर भोक सीलंटच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मानून टोइंगला फोन करावा.

दुकानात पोहोचल्यावर पहिली गोष्ट सांगावी ती ही, की आत सीलंट आहे. ते न सांगता टायर उघडला तर कारागिराच्या हातावर, कपड्यांवर चिकट द्रव येतो, आणि ओल्या पृष्ठभागावर लावलेला पॅच धरत नाही. पंक्चरवाल्यांना सीलंटचा राग येतो तो यामुळेच, आणि तो रास्त आहे. आतला भाग पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून, घासून मग आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, ज्याचा दांडा भोकात बसतो असा पॅच) लावून घ्यावा; मोटारसायकलच्या टायरसाठी मला ही दुरुस्ती बाहेरून कोंबलेल्या पट्टीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. धुतलेले सीलंट गेले, त्यामुळे ते पुन्हा भरावे लागते, हा खर्च आधीच गृहीत धरावा.

स्प्रेच्या डब्यातून येणारे, हवा आणि सीलंट एकदम भरणारे साधन वेगळे आहे. ते पंक्चर झाल्यानंतर तात्पुरते वापरायचे असते. त्यातला वायू काही डब्यांत ज्वलनशील असतो, म्हणून टायर दुरुस्तीला देताना तेही आवर्जून सांगावे, आणि असा डबा उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली ठेवू नये.

पुढची देखभाल

सीलंट घातल्यावर टायरकडे पाहणे कमी होते, आणि खरा धोका इथेच आहे. लहान खिळा आत शिरला, द्रवाने तो बंद केला, हवा कमी झाली नाही, म्हणून महिनोन्‌महिने कोणाला कळतच नाही. दरम्यान त्या भोकातून पाणी शिरते, आणि टायरच्या आत पोलादी तारा असतील तर त्या गंजू लागतात. म्हणून दर आठवड्याला सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजावी आणि महिन्यातून एकदा चाक सावकाश फिरवून नक्षीच्या प्रत्येक खाचेवरून नजर फिरवावी. पावसाळ्यात हे अंतर निम्म्यावर आणावे. ओले रबर लवकर कापले जाते आणि पाण्याने वाहून आलेला कचरा नेमका दुचाकी चालतात त्या कडेला साचतो. हवा मोजताना व्हॉल्व वर ठेवावा आणि चाक थांबल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे गेजमध्ये सीलंट जात नाही.

ग्लायकोलच्या सीलंटचे आयुष्य बहुधा दोन वर्षांच्या आसपास दिलेले असते. भरल्याची तारीख मी व्हॉल्वजवळ रिंगवर कायमच्या शाईच्या पेनाने लिहून ठेवतो. इथिलीन ग्लायकोल विषारी असून चवीला गोड लागते, त्यामुळे सांडलेला द्रव कुत्र्यामांजरांनी किंवा मुलांनी तोंडात घालण्याआधी लगेच पुसून घ्यावा, उरलेली बाटली उंचावर ठेवावी, आणि जुने सीलंट गटारात ओतू नये.