पावसाआधी झाड बोडकं करू नका

मे उजाडला की सोसायटीच्या फलकावर ‘झाडांची छाटणी’ असा कागद लागतो. दोन माणसं कोयते-करवती घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत फुललेल्या गुलमोहराचा खांब होतो. वादळात पडू नये म्हणून हे करतात, पण त्याने धोका वाढतोच.

शेंडा मारलेल्या फांदीवर पावसात फुटव्यांचे झुबके येतात. ते सालीलगतच्या डोळ्यांतून, म्हणजे दबून राहिलेल्या अंकुरांतून, निघतात. मूळ फांदीसारखे आत घट्ट बसलेले नसतात. दोन-चार वर्षांत जड झाले की सोसाट्याच्या वाऱ्यात तेच आधी निखळतात. मोठ्या कापांतून पाणी आणि बुरशी खोडात शिरते ती वेगळीच.

शिवाय सावली देणं, धूळ अडवणं, पावसाचा पहिला मारा झेलणं ही सगळी कामं पानांची. पानं पाण्याची वाफ सोडतात म्हणून झाडाखाली गार वाटतं. पत्र्याखाली सावली असते, गारवा नसतो. ऐन उन्हाळ्यात हेच आपण उतरवून टाकतो!

आत्ता काढायच्या त्या वाळलेल्या, तडकलेल्या, कुजक्या, लोंबत्या फांद्या. हिरवा पाला एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त कधीच काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी. आकार देण्याचं काम हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्याआधी करा. बाल्कनीसाठी एकाच बाजूने कापलात तर पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडाचा तोल जातो.

मनगटाहून जाड फांदीला तीन काप द्या. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडं कापा, मग त्याच्या किंचित पुढे वरून आरपार. म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. उरलेला तुकडा खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर कापा. हे कडं शाबूत राहिलं तर जखम भरते. डांबर, ऑइलपेंट काही लावू नका.

मे महिन्यात कावळ्यांची घरटी असतात, ती आधी बघा. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या; १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही ‘तोडणं’ धरलं आहे. तारांजवळची फांदी वीज कंपनीवर सोपवा.

आणि पडण्याचीच धास्ती असेल तर आधी खाली बघा. बुंध्याला भिडलेलं काँक्रीट, केबलच्या चरात तुटलेली मुळं, ही झाड उन्मळण्याची मोठी कारणं. फरशी मुळं न दुखवता काढा आणि छाटणीचा पाला तिथेच पसरा, खोडाला न टेकवता.